मांडव बेटावर उतरण्याची वेळ

पोलीस ठाणे, सातारा. शुक्रवार, ता. २१ फेब्रुवारी १९४७. जबाब लिहून घेणार : हवालदार लालासाहेब. दुपारी दोन वाजता आरंभ.

नाव बिंदुमाधव गुंडो देशिंगकर, वय वर्षे ४७, धंदा संस्कृत शिक्षक, मूळ राहणार सांगली, हल्ली राहणार शनिवार पेठ, सातारा.

मला कोणी बोलाविले नसता मी आपल्या पायांनी ठाण्यात आलो आहे आणि हवालदारांसमक्ष पुढीलप्रमाणे सांगतो.

मी एकोणीस वर्षे या शहरात अध्यापन करीत आहे. पंचांग पाहणे हा माझा व्यवसाय नसून व्यसन आहे. पेठेतील विवाह, वास्तुप्रवेश, ग्रहणाचे वेध आणि एकदा नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीचे उद्घाटन, हे सर्व मी काढून दिलेल्या वेळेवर झाले. माझे गणित चुकल्याचे आजवर कोणी म्हटलेले नाही. ही आत्मस्तुती नव्हे. पुढील मजकुरास तिची आवश्यकता आहे म्हणून प्रारंभीच नमूद करतो. हवालदार लालासाहेब हे माझे माजी विद्यार्थी असून संस्कृत विषयात तीन वेळा अनुत्तीर्ण झाले होते. त्यांनी "गुरुजी, वाईच थोडक्यात सांगा," अशी सूचना केल्यावरून थोडक्यात सांगतो.

नाथाजी सखाराम काटकर, वय सुमारे ३४, राहणार करंजे, हे माझे स्नेही. ते युद्धात इटली देशात मोटारसायकलवरून लष्करी निरोप पोहोचविण्याचे काम करीत. तोफेच्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला. गतवर्षी मार्च महिन्यात ते पलटणीतून सुटून घरी आले आणि लष्कराने विकायला काढलेली एक जुनी मोटारसायकल बरोबर घेऊन आले. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते माझ्या घरी आले व म्हणाले, "गुरुजी, जिथं एक बी मानूस न्हाई आसं बेट आपल्या मुलखात हाय का?"

मी त्यांस जंबू, प्लक्ष, शाल्मली आदिकरून पुराणोक्त सप्तद्वीपे आणि त्यांना वेढणारे इक्षुरसाचे, घृताचे व दुग्धाचे समुद्र क्रमाने सांगितले. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गाडी जाईल आसं एखादं सांगा."

कारण विचारता त्यांनी सांगितले ते असे : "घरात झोप लागत न्हाई. समदी मायेनं बोलत्यात, पर लय बोलत्यात. आठ दिस गप ऱ्हायचंय कुठंतरी. मग येतो, बैलं जुपतो." याखेरीज दुसरे कारण त्यांनी कधीही सांगितले नाही आणि मीही पुन्हा विचारले नाही.

तेव्हापासून अकरा महिने, दर रविवारी दुपारी, नाथाजींच्या गोठ्यात, जिथे मोटारसायकल दोन म्हशींच्या शेजारी उभी असे, तिथे आमचा बेत शिजत होता. मी स्वतःस द्वीपयात्रेचा मुख्य नियोजक हे पद देऊन टाकले होते. त्याला कोणी हरकत घेतली नाही. म्हशी दोन्ही उपस्थित होत्या. मी भूगोलाच्या पुस्तकावरून किनाऱ्याचा नकाशा उतरविला. तंबू, स्टोव्ह, कंदील, पाण्याची लष्करी पिशवी, चटणी, शेंगा, आठ दिवस टिकतील अशा कडक भाकऱ्या, अशी यादी केली. नाथाजींच्या पत्नी साळूबाई चहा आणून देत आणि दारात उभ्या राहून ऐकत. एकदा त्या म्हणाल्या, "आवं गुरुजी, तुमचं बोलनं ऐकून ऐकून आमचं निम्मं मानूस आत्ताच दर्यात गेलंय." आम्ही सर्व हसलो. नाथाजींचा डावा कान दाराकडे होता, त्यांना ऐकू आले नाही. ते आम्ही हसतो असे पाहून हसले.

ठरलेले ठिकाण रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोरील मांडव बेटे. ही संख्येने तीन असून निर्जन आहेत. पैकी पहिले बेट थोरला मांडव. ओहोटी पूर्ण झाली म्हणजे किनारा आणि हे बेट यांच्यामध्ये सुमारे एक मैल लांबीची वाळू उघडी पडते व तीवरून पायी जाता येते. गाडी किनाऱ्यावर ठेवून पायी जावे, असे मी सुचविले होते. नाथाजींनी मानले नाही. ते म्हणाले, "लढाईत गाडी टाकून आल्याला गडी म्या बघितलाय. त्याला काय काय इचारत्यात ते बी बघितलंय. गाडी माझ्यासंगं येनार." म्हणून गाडी वाळूवरून न्यावयाची आणि त्यासाठी ओहोटीची अचूक वेळ काढावयाची, असे ठरले. वेळ काढण्याचे काम अर्थातच माझे.

येथे मला एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मी कृष्णाकाठचा. सांगलीच्या घाटावर वाढलो. कृष्णेचे पाणी वर्षातून एकदा चढते, एकदा उतरते आणि चढो वा उतरो, जाते एकाच दिशेला. दिवसातून दोन वेळा माघारी फिरणारे पाणी मी जन्मात पाहिलेले नाही. समुद्र मी पाहिलेला नाही. हे अकरा महिन्यांत मी नाथाजींना सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही. मला ठाऊक असणारच, असे त्यांनी गृहीत धरले होते. मीही धरले होते.

बाजारात सुकी मासळी विकावयास बयाबाई नावाची स्त्री किनाऱ्याकडून घाट चढून येते. गेल्या डिसेंबरात मी तिच्या टोपलीपासून चार हात अंतरावर, उपरण्याने नासिका झाकून उभा राहिलो आणि समुद्राच्या पाण्याचे वेळापत्रक तुम्ही लोक कसे ठरविता, असे विचारले. ती म्हणाली, "सोपं हाय. जी तिथ आसल तिची पाऊणपट करायची. आकडा येल तवा भरती. दोन भरत्यांच्या मदी सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. मग म्हणाली, "बोंबील बांदू का? नाक सोडा की जरा, मरत न्हाई कोन वासानं."

मी बोंबील घेतले नाहीत. नियम मात्र घेतला. तिथीवरून पाण्याची वेळ निघते, हे ऐकून मला झालेला आनंद शब्दातीत होता. सागरही पंचांग मानतो, असे मी त्या सायंकाळी पेठेत चार जणांना सांगितले.

आकडा कशाचा, हे मी तिला विचारले नाही. विचारण्यास अवसर होता. ती बसूनच होती. परंतु तिथी हे मान पंचांगाचे, तेव्हा आकडा पंचांगातील घटिकांचाच असणार, हे मला स्वयंसिद्ध वाटले. शिवाय जिच्या मनगटावर घड्याळ नाही, ती स्त्री घड्याळाच्या तासांत बोलत असेल, ही कल्पना मला शिवली नाही. एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटे. ती सूर्योदयापासून मोजतात. मी तशी मोजली.

प्रस्थानाचा दिवस शनिवार ता. १५ व वाळूवर उतरण्याचा दिवस रविवार ता. १६, माघ वद्य द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. सूर्योदय सात वाजून चार मिनिटांनी. त्यापुढे नऊ घटिका, म्हणजे भरती दहा वाजून चाळीस मिनिटांनी. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. मी ते एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिले. कागदावरील मजकूर असा : "द्वादशी. पाणी तळाला ४-४०. त्यापूर्वी उतरू नये. वाळू सायंकाळी ७ पर्यंत निर्धोक." खाली स्वाक्षरी केली. स्वाक्षरीची आवश्यकता नव्हती.

नाथाजींनी तो कागद दोनदा वाचला, चौघडी केली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून बटण लावले. म्हणाले, "आता झालं. लेखी असलं की झोप लागती."

गाडीवर मागे बसून मी जाणार होतो. शनिवारी सकाळी सात वाजता मी करंज्यास गेलो आणि मला उदरशूल उद्भवला असल्याचे सांगितले. मला उदरशूल उद्भवलेला नव्हता. जानेवारीत नाथाजींनी मला त्या गाडीवरून कोरेगावपर्यंत नेऊन आणले होते. ते अंतर मी डोळे मिटून कापले होते. घाटातून तसे जाण्याचे धैर्य मजपाशी नव्हते. नाथाजी एवढेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, पोट सांभाळा. तुमचा कागद हाय की संगं."

माझ्या जागी धुळा बिराप्पा कोळेकर बसला. धुळा हा माण तालुक्यात दहिवडीकडे मेंढरे राखतो. युद्धात, पलटण इटलीस जाण्यापूर्वी, तो नाथाजींच्याच तळावर खेचरे हाकीत असे; परदेशी तो गेला नाही. तो सहज भेटीस आला होता. त्यानेही समुद्र पाहिलेला नव्हता, पण तो विचारले असता तसे सांगत असे. गाडीवर बसताना तो म्हणाला, "माझ्या मुलखात प्याला पानी न्हाई आन् हे मला बुडायला पानी दावायला निघाल्यात." साळूबाईंनी भाकऱ्यांचे गाठोडे त्याच्या मांडीवर दिले. मी हात वर करून संस्कृतात आशीर्वाद दिला. गाडी गेली.

यापुढील वृत्त मला धुळाकडून, काल ता. २० रोजी, याच ठाण्याच्या कोठडीच्या गजांबाहेर उभे राहून समजले. ते त्याने सांगितले तसे आहे, भाषा तेवढी माझी.

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास दोघे किनाऱ्यावर पोहोचले. किनारा निर्मनुष्य होता. दूर खडकांवर कोणी एक बाई शिंपल्या वेचीत होती. वाळू उघडीच होती. तीन वाजता ती बेटापर्यंत स्वच्छ, कोरडी आणि रुंद दिसत होती. धुळा म्हणाला, "नाथा, निघू या की गड्या, वाट उघडी हाय." नाथाजींनी खिशाचे बटण काढले, कागद वाचला व म्हणाले, "चार चाळीस लिहलंय. त्येच्या आदी उतरू नगं म्हनून लिहलंय. अजून उतरंल पानी. बस."

ते बसले. भाकरी खाल्ली. समोर वाट उघडी होती आणि ते दीड तास तिच्याकडे पाहत बसले. धुळा म्हणाला की, नाथाजी त्या वेळी इतके बोलले जितके सबंध वर्षात बोलले नव्हते. बेटावर तंबूचे तोंड कोणत्या दिशेला करावयाचे, सकाळी चहा कोणी करावयाचा, आणि परत गेल्यावर खालच्या शेतात काय पेरावयाचे.

मनगटावरच्या घड्याळात बरोबर चार चाळीस झाल्यावर नाथाजींनी गाडी सुरू केली. शिंपल्या वेचणारी बाई तेव्हा उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर करून हालविले. ओरडलीही असावी, गाडीच्या आवाजात धुळास ऐकू आले नाही आणि नाथाजींचा डावा कान तिच्याकडे होता. नाथाजींना वाटले ती निरोप देत आहे. त्यांनीही हात हालविला.

अर्धा मैल गेल्यावर वाळूत एक सखल घळ आहे. तीत पाणी शिरू लागले होते. मागचे चाक रुतले. धुळा उतरला व ढकलू लागला. चाक फिरे तसे खाली जाई. पाणी घोट्यापर्यंत आले. धुळा म्हणाला, "नाथा, पानी चढतंय रं." नाथाजी म्हणाले, "चढत न्हाई. लाट आली आसंल. सात वाजूस्तवर भ्या न्हाई. गुरुजींनी लिहलंय." पाणी गुडघ्यापर्यंत आले. धुळा पुन्हा म्हणाला. नाथाजी पुन्हा तेच म्हणाले. पाणी मांडीला लागले तेव्हा नाथाजींनी मनगटावरचे घड्याळ सोडून धुळाच्या हातात दिले. म्हणाले, "हे भिजंल. तू फुडं हो, काठावरनं दोर आन. तुला पवता येत न्हाई. म्या गाडी धरून हाय. आत्ता उतरंल पानी."

धुळा घड्याळाची मूठ डोक्यावर धरून मागे फिरला. काठाला लागण्यापूर्वी पाणी त्याच्या छातीशी आले होते. वळून पाहिले तेव्हा नाथाजी गाडीच्या दोन्ही मुठी धरून उभे होते आणि पाणी गाडीच्या दिव्यावर आले होते. दोर जेथून आणावयाचा तो गाव पाऊण मैल आत. दोर घेऊन परत आला तेव्हा समुद्र सपाट होता.

मंगळवारी ओहोटीला गाडी वाळूत सापडली, असा तेथील पोलीस पाटलांचा निरोप आहे. नाथाजी सापडलेले नाहीत.

धुळा बुधवारी चालत, काही अंतर मालमोटारीने, साताऱ्यास आला. किनाऱ्यावर थांबून कोणास जबाब दिला नाही. तो प्रथम करंज्यास गेला आणि घड्याळ साळूबाईंच्या हातात ठेवले. नाथाजींचे वडील बंधू दादासो यांनी ते पाहिले व विचारले की, माणूस गेला आणि घड्याळ कोरडे कसे? धुळास नीट उत्तर देता आले नाही. पाणी चढत असताना तुम्ही उतरलातच का, या प्रश्नावर तो मुळीच बोलला नाही. त्यावरून दादासोंनी फिर्याद दिली आणि धुळास संशयावरून ठेवण्यात आले. दादासोंना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी हाच प्रश्न विचारला असता, बहुधा अधिक क्लिष्ट भाषेत.

काल मी धुळास विचारले, "अरे, कागदाचं का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "कशाला आवं? तुमी शिकल्याली मानसं. पेठंत तुमच्याबिगर लगीन होत न्हाई. तुमचं नाव ह्यात कशाला? मेंढरं थोरला ल्योक बघंल चार दिस."

मी म्हणालो, "चार दिवस नव्हेत, धुळा. हे खुनाचं बोलताहेत."

तो म्हणाला, "नाथा लय खूश हुता गुरुजी. बसलो हुतो ना तवा. तेवढं सांगा वैनीला."

तेथून मी बाजारात गेलो. बयाबाई होती. या खेपेस मी नासिका झाकली नाही. आकडा कशाचा, असे विचारले. ती म्हणाली, "कशाचा म्हंजी? वाजल्याचा. बंदराला लाँच लागती ना, तवापास्नं समदी घड्याळावरच बोलत्यात. बारस म्हंजी सकाळी नवाला भरती, दोपारी तिनाला सुकती." मग म्हणाली, "तवाच इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की."

म्हणजे रविवारी तीन वाजता पाणी तळाला होते. वाळू उघडी होती, वाट उघडी होती, आणि ज्या मनुष्याला ती डोळ्यांनी दिसत होती, तो माझा कागद पाहून बसून राहिला. बायाबापड्या बोटांवर जे गणित बिनचूक करतात, ते मी पंचांग, सूर्योदय, घटिका आणि स्वाक्षरी यांच्या साहाय्याने चुकविले.

तो कागद नाथाजींच्या खिशात आहे. खिशाला बटण होते. तो आता कोणास मिळणार नाही. परंतु मला आपल्या गणितांची प्रत ठेवण्याची सवय आहे. माझ्या वहीत ता. १२ फेब्रुवारीच्या पानावर तोच मजकूर माझ्याच हस्ताक्षरात आहे. ते पान जाळावे, असे परवा बातमी कळल्यापासून रात्रभर वाटत होते. काल गजांबाहेर उभा असतानाही थोडे वाटले. ते पान या जबाबासोबत हजर करीत आहे. फाडून न देता सबंध वही देत आहे, म्हणजे मागाहून लिहिले असे कोणी म्हणू नये.

यावरून माझे म्हणणे असे की, धुळा बिराप्पा कोळेकर याचा यात काहीही अपराध नाही. घड्याळ त्याला नाथाजींनी आपल्या हाताने दिले, त्याने ते आपल्या जिवावर कोरडे ठेवले व ज्याचे त्याच्या घरी पोहोचविले. वाळूवर उतरण्याची वेळ मी ठरविली. मागे बसण्याची जागाही माझी होती. शिंपल्या वेचणाऱ्या बाईचा शोध घ्यावा; तिने हात हालविले होते, ती सांगेल. माझे काय करावयाचे, ते फौजदार साहेबांनी ठरवावे. माझे गणित यापुढे कोणी विचारू नये.

येथे हवालदारांनी लेखणी थांबवून, "गुरुजी, पाणी घेता का?" असे विचारले. नको म्हटले.

आणखी एक नमूद करणे आहे. साळूबाई सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर बसून आहेत. मी आत येताना त्यांना धुळाचा निरोप सांगितला. त्यांनी मान हालविली. मग विचारले, "गुरुजी, आज पानी कवा उतरतंय तिकडं? त्येनी गाडी धरून हाय म्हनालं हुतं." मी त्यांस सांगितले की आज फाल्गुन शुद्ध प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण, भरती दुपारी पाऊण वाजता, म्हणून ओहोटी सायंकाळी पावणेसात वाजता. त्या म्हणाल्या, "मग तवर बसते." त्या बसल्या आहेत. हे गणित बरोबर आहे.

हा जबाब हवालदार लालासाहेब यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मला मोठ्याने वाचून दाखविला. मी ऐकला. मी सांगितले तेच यात आहे. काही गाळावयाचे नाही, काही सुधारावयाचे नाही. खाली स्वाक्षरी करीत आहे.

बिंदुमाधव गुंडो देशिंगकर

समक्ष : लालासाहेब, हवालदार. वेळ, ठाण्याच्या घड्याळाप्रमाणे, दुपारी ४-४०.